ओल्या हातांचे नखुरडे

नखाभोवती होणाऱ्या जंतुसंसर्गाला, मराठी घरांत ज्याला नखुरडे म्हणतात त्याला, दवाखान्याच्या नोंदवहीत फारशी जागा मिळत नाही. ताप, जुलाब, रक्तदाब, गरोदरपणातील तपासण्या यांच्या गर्दीत ही तक्रार बहुतेक वेळा जाता जाता सांगितली जाते. बाळाला लस टोचून घ्यायला आलेली बाई निघता निघता पदराखालचे बोट पुढे करते आणि ‘विशेष काही नाही, नखुरडं झालंय,’ असे म्हणते. पुणे जिल्ह्यातील मावळ, मुळशी, भोर हा भातपट्टा असो, घाटाखालचा रायगड असो किंवा शहरातील वस्त्यांमधले दवाखाने असोत, तेथील परिचारिकांना आणि २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगाव उभ्या राहिलेल्या आशा कार्यकर्त्यांना पावसाळ्यात अशी बोटे सतत पाहावी लागतात, आणि या पाहण्यातून जे शहाणपण हळूहळू साठत जाते ते औषधांच्या नावांपेक्षा विचारावयाच्या प्रश्नांविषयीचे असते. हे किती दिवसांपासून आहे, एकाच बोटाला आहे की अनेक बोटांना, आणि दिवसातला किती वेळ हात पाण्यात असतो, एवढे तीन प्रश्न विचारले गेले तर घरच्या घरी काय करता येईल आणि कोठे थांबावे याचा निर्णय बराचसा सोपा होतो. ते विचारले गेले नाहीत, तर एकाच नावाखाली वावरणारे दोन वेगळे आजार एकाच मलमाने बरे करण्याची धडपड चालू राहते आणि त्यांतला एक आजार मग वर्ष वर्ष हटत नाही.

या दोन आजारांतला फरक समजण्यासाठी नखाची रचना थोडी पाहावी लागते. नख म्हणून जे दिसते ती केराटिन या चिवट प्रथिनाची निर्जीव चकती असून ती ज्या मऊ जागेवर टेकलेली असते तिला नखशय्या म्हणतात, आणि चकती जेथे तयार होते तो जिवंत भाग, म्हणजे नखाचे मूळ, त्वचेखाली झाकलेला असतो. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी दिसणारा पांढुरका अर्धचंद्र हा या मुळाचाच बाहेर डोकावणारा भाग होय. चकतीच्या तिन्ही बाजूंना त्वचेच्या घड्या असतात, आणि तळाकडच्या घडीच्या कडेवरून एक पातळ, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा नखावर येऊन चिकटलेला असतो. त्याला क्युटिकल म्हणतात. प्रेशर कुकरच्या झाकणातील रबरी रिंग जे काम करते तेच काम हा पापुद्रा करतो, कारण नख आणि घडी यांच्यामधल्या अरुंद फटीत पाणी, साबण, पिठाचे कण आणि जंतू उतरू नयेत यासाठी दुसरी कोणतीही व्यवस्था शरीराने तेथे केलेली नाही. मॅनिक्युअर करताना तो मागे ढकलून कापला जातो, तारेच्या घासणीने तो झिजतो, मुले तो दातांनी कुरतडतात, आणि तो गेला की फट उघडी पडते. नखाभोवतालच्या बहुतेक संसर्गांची सुरुवात या पापुद्र्यापाशी किंवा शेजारच्या सालपटापाशी होते, आणि तरीही उपचार सांगताना त्याचा उल्लेख क्वचितच केला जातो.

पहिला आजार म्हणजे तीव्र नखुरडे. ते बहुधा एकाच बोटाला होते आणि त्यामागे काही ना काही छोटी इजा असते: उपटून काढलेले सालपट, धसकटाचा ओरखडा, माशाचा किंवा बाभळीचा काटा, कुरतडलेले नख. इजेनंतर दोन ते पाच दिवसांत नखाच्या एका कडेची त्वचा सुजते, ताणली जाऊन चकाकू लागते आणि तेथे स्पर्श सहन होत नाही. हात खाली लोंबकळला की ठणका वाढतो आणि उशीवर उंच ठेवला की थोडा कमी होतो. याचे कारण बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू असतो, जो पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात व त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहत असतो. अंगठा चोखणाऱ्या आणि नखे खाणाऱ्या मुलांत तोंडातले जंतूही त्यात सामील होतात. सावळ्या त्वचेवर लाली ठळक दिसत नाही, ही गोष्ट पुस्तकातील चित्रे पाहून शिकलेल्याला सुरुवातीला अडचणीत टाकते; तेथे जांभळट गडद छटा, हाताला जाणवणारा गरमपणा आणि शेजारच्या बोटाशी तुलना केल्यास त्वचेवरच्या बारीक रेषा पुसट झालेल्या दिसणे, ही लक्षणे लालीपेक्षा अधिक विश्वासाची ठरतात.

पू धरण्यापूर्वीच्या या अवस्थेत घरचा उपचार खरोखर गुणकारी असतो आणि तो अगदी साधा आहे. सोसेल इतक्या गरम पाण्यात बोट दहा ते पंधरा मिनिटे बुडवून ठेवायचे, असे दिवसातून तीन-चार वेळा करायचे, प्रत्येक वेळी नखाची कड स्वच्छ कापडाने टिपून पूर्ण कोरडी करायची, बोटात अंगठी असेल तर सूज चढण्याआधीच ती काढून ठेवायची आणि मधल्या वेळात हात उंच ठेवायचा. उष्णतेने तेथील रक्तपुरवठा वाढतो, घडी मऊ होते, आणि पुष्कळदा दोन दिवसांत सूज उतरते किंवा साचू लागलेला पू नखाच्या कडेने आपली वाट काढतो. पाण्यात मीठ घातल्याने बिघडत नाही, पण गुण येतो तो मुख्यतः उष्णतेचा आणि दिलेल्या वेळेचा. आणि वेळ हीच अडचण असते, कारण पंधरा मिनिटे चारदा म्हटले की एक तास होतो, आणि लावणीच्या दिवसांत किंवा चार-पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या दिवसात असा तास मोकळा सापडत नाही. म्हणून अनुभवी परिचारिका या वेळा आकड्यांनी न सांगता रोजच्या कामांना बांधून सांगतात: सकाळी चहा उकळत असताना, दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी भात शिजत असताना आणि निजण्यापूर्वी. असा सांगितलेला उपचार प्रत्यक्षात होतो.

घरोघरी मात्र पहिला मान लिंबाचा असतो. लिंबाला भोक पाडून, त्यात कधी हळद किंवा मीठ भरून, ते दुखऱ्या बोटावर चढवायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे, ही रीत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. याने आराम पडतो असे सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना खोटे ठरवण्याचे कारण नाही, कारण बोट झाकले जाते, त्याला धक्का लागत नाही, त्या हाताला त्या रात्रीपुरती विश्रांती मिळते, आणि ओलसर राहून मऊ झालेली त्वचा कधी कधी फुटून पू बाहेर येतो. परंतु लिंबाचा रस फाटलेल्या त्वचेवर दाहक ठरतो, आणि तो त्वचेवर राहून नंतर ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड व त्यामागून बरेच दिवस न जाणारे काळे डाग पडू शकतात, हे शेतात काम करणाऱ्यांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. लिंबू बांधून आलेल्या बाईला हसणे किंवा तिच्यावर रागावणे ही दवाखान्यात होणारी फार महागात पडणारी चूक आहे, कारण पुढच्या वेळी आपण बोटाला काय लावले हे ती सांगत नाही. ऊब, आच्छादन आणि विश्रांती या ज्या तीन गोष्टी लिंबातून मिळत होत्या त्या गरम पाणी आणि स्वच्छ पट्टी यांतून मिळतात, असे समजावून सांगितले तर ते पटते. हळदीचा लेप त्या मानाने निरुपद्रवी आहे. फक्त त्या पिवळ्या थराखाली त्वचेचा रंग दिसेनासा होतो आणि पू धरला की नाही हे कळत नाही. चुना मात्र त्वचा जाळतो, तो लावूच नये.

पू धरल्यानंतर घरच्या उपचाराची हद्द संपत येते. नखाच्या कडेला पिवळसर-पांढरा ठिपका उघड दिसत असेल तर शंका उरत नाही. दिसत नसेल तर अंगठा आणि दुखरे बोट यांची टोके एकमेकांवर हलकेच दाबून पाहतात, आणि त्या दाबाने नखाच्या घडीत जेवढा भाग पांढुरका उमटतो तेवढ्या भागात पू साठला आहे असे मानतात. दवाखान्यात तो काढण्याची क्रिया पाहणाऱ्याला आश्चर्य वाटावे इतकी लहान असते. हात आधी गरम पाण्यात ठेवून घडी मऊ केली जाते, मग निर्जंतुक सुई किंवा बोथट पात्याचे साधन नखाच्या चकतीवर आडवे टेकवून, टोक बोटाच्या मांसात न रोवता, नख आणि घडी यांच्या मधल्या फटीतून अलगद आत सरकवले जाते; घडी किंचित उचलली जाताच पुवाचा थेंब बाहेर येतो आणि रात्री न झोपलेल्या माणसाचा चेहरा तेथल्या तेथे सैल पडतो. पू खोलवर किंवा नखाखाली गेला असेल तर बोट बधिर करून नखाचा थोडा भाग काढावा लागतो. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये चिप्प या नावाने नखाच्या मांसातील वेदना, दाह आणि पिकणे यांचे वर्णन आहे, आणि त्यावर सांगितलेला उपचारही प्रथम गरम पाणी आणि मग छेद देऊन स्राव काढणे असाच आहे. इतक्या शतकांनंतर क्रम बदललेला नाही, बदलली ती सुईची निर्जंतुकता. घरी शिवणाची सुई दिव्यावर धरून हेच करण्याचा मोह होतो, परंतु काजळी धरलेली सुई, कडेऐवजी मधोमध टोचणे आणि नंतर जोर लावून पिळणे यांनी संसर्ग बोटाच्या पेरात खोल ढकलला जातो. पू कोंडलेला असताना केवळ अँटिबायोटिकच्या गोळ्या घेत राहणेही तितकेच निष्फळ असते, कारण औषध त्या कोंडलेल्या जागेत पुरेसे पोचत नाही. उलट, पू नीट निघून गेल्यावर निरोगी माणसाला पुष्कळदा गोळ्यांची गरजच उरत नाही. सूज बोटभर पसरत असेल, हातावर लाल रेघ चढत असेल, ताप येत असेल किंवा मधुमेह असेल, तर मात्र गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्याच लागतात.

येथे काही सारख्या दिसणाऱ्या आजारांची ओळख असणे आवश्यक आहे, कारण त्यांत घरचा उशीर किंवा घरची सुई नुकसान करते. बोटाच्या पेराच्या मांसल बाजूला, म्हणजे नखाच्या विरुद्ध अंगाला, दगडासारखी टणक सूज आणि नाडीच्या ठोक्याबरोबर उठणारा ठणका असेल, तर तो पेरातला गळू असतो. पेराच्या आत तंतूंचे घट्ट बांधलेले कप्पे असल्याने तेथे पुवाचा दाब वेगाने वाढतो, रक्तपुरवठा आवळला जातो आणि संसर्ग हाडापर्यंत पोचू शकतो, म्हणून त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे. नखाशेजारी पुवाऐवजी पाण्यासारखे बारीक फोडांचे घोस दिसत असतील, आधी मुंग्या आल्या असतील आणि आग जास्त होत असेल, तर ती नागिणीच्या जातकुळीतील हर्पिस विषाणूची बाधा असण्याचा संभव असतो, आणि ती कापायची नसते. मुंबईच्या ससून डॉकसारख्या बंदरांवर बर्फातली कोळंबी सोलणाऱ्या किंवा मासळी साफ करणाऱ्या कोळणींमध्ये काटा लागल्यानंतर बोटावर जांभळट, ठळक कडेची, पू न धरणारी सूज हळूहळू पसरताना दिसते. मासळी आणि मांस हाताळणाऱ्यांना होणारा एरिसिपेलॉइड नावाचा हा संसर्ग पेनिसिलिनने बरा होतो, पण नखुरडे समजून त्याला चीर दिली तर काहीच निघत नाही. आणि एकाच नखात लांबीच्या दिशेने नव्याने उमटलेली काळपट रेघ रुंद होत असेल किंवा तिचा रंग नखाबाहेरच्या त्वचेवर उतरत असेल, तर ती न दुखणारी गोष्ट या सर्वांहून गंभीर आहे, कारण नखाखालचा कर्करोग अशा रीतीने दिसू शकतो.

दुसरा आजार, म्हणजे दीर्घकालीन नखुरडे, हा ठणकत नाही आणि म्हणूनच दुर्लक्षिला जातो. सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या नखुरड्याला हे नाव देतात. यात दोन-तीन किंवा अधिक बोटे सापडतात, बहुधा कामाच्या हाताची. घडी गुबगुबीत फुगते, नखापासून सुटून उभी राहते, क्युटिकल कोठेच दिसत नाही, दाबल्यास कधी चिकट थेंब येतो, आणि मुळाशी सतत चाललेल्या दाहामुळे नखावर आडव्या वळ्या उमटतात. फटीत स्यूडोमोनास या जीवाणूने ठाण मांडले तर नखाची कड हिरवट होते. हात पाण्यात गेला की चुणचुण होते, मग काही दिवस बरे वाटते, मग पुन्हा सूज येते, आणि प्रत्येक उठावाला औषधाच्या दुकानातून एक नवी ट्यूब येते. उपकेंद्रात अशी बाई येते तेव्हा तिच्या पिशवीत अर्ध्या पिळलेल्या दोन-तीन ट्यूब असतात आणि त्यांतली प्रत्येक तिला काही दिवस उपयोगी पडलेली असते.

या आजाराविषयीची वैद्यकीय समजूतच मधल्या काळात पालटली. फटीतील स्राव तपासला की कँडिडा ही बुरशी पुष्कळदा सापडते, म्हणून अनेक दशके हा बुरशीचा आजार मानून बुरशीनाशक औषधे दिली जात; पुढे असे लक्षात आले की बुरशी ही उघड्या पडलेल्या फटीत नंतर आलेली पाहुणी असते आणि मूळ विकार हा पाणी, साबण, अन्नपदार्थ यांच्या सततच्या संपर्काने होणारा त्वचेचा दाह असतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत बुरशीनाशक गोळ्यांपेक्षा स्टिरॉइडच्या मलमाने अधिक नखे सुधारली, आणि बुरशी नाहीशी होणे व आजार बरा होणे यांचा नेमका मेळ बसला नाही. हे ज्ञान घरापर्यंत पोचवताना फार जपावे लागते. भारतात स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांचे मिश्रण असलेली मलमे चिठ्ठीशिवाय सर्रास विकली गेली, त्यांच्या वापराने गजकर्ण चिघळून हट्टी झाले, आणि २०१८ साली केंद्र सरकारला त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टिरॉइडना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या यादीत घालावे लागले. म्हणून स्टिरॉइडचे मलम हे या नखुरड्याचे औषध असले तरी कोणत्या ताकदीचे, किती आठवडे आणि कोणत्या बोटाला, हे त्वचारोगतज्ज्ञाने ठरवायचे असते.

घराच्या हातात जे आहे ते पाण्याचे नियोजन. जर्मनीत कामगारांच्या सुरक्षेच्या नियमांत ओले काम अशी स्वतंत्र कोटी आहे आणि दिवसातले दोन तासांहून अधिक काळ हात पाण्यात असणे तिच्यात मोडते. या मापाने पाहिले तर भातलावणीला जाणारी बाई दुपारच्या जेवणाआधीच ती मर्यादा ओलांडते. राबातली रोपे उपटायची, मुळांचा चिखल पाण्यात खळबळून काढायचा, मुठी बांधायच्या, मग चिखलणी केलेल्या खाचरात वाकून बोटांच्या टोकांनी रोपे खोवायची, आणि चारसूत्री पद्धतीने लागवड असेल तर युरिया-डीएपीच्या गोळ्याही हातानेच चिखलात दाबायच्या, असा तो दिवस असतो. येथे हातमोजे वापरा असे सांगणे सोपे आहे, परंतु मुठीतून दोन-तीन काड्या वेगळ्या करणाऱ्या बोटांना स्पर्श लागतो, मोज्याने वेग मंदावतो, आणि लावणी उक्ती घेतली असेल तर वेग म्हणजेच मजुरी असते. सावडीने, म्हणजे एकमेकींच्या शेतात आळीपाळीने राबून, चाललेल्या लावणीत थोडी मोकळीक मिळते. बोटे सुजलेल्या बाईने लावण्याऐवजी मुठी वाहण्याचे आणि खाचरात पसरवण्याचे काम घ्यावे, असे बायका आपसांत ठरवू शकतात आणि ठरवतातही. शेतात उतरण्यापूर्वी नखांच्या मुळाशी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल चोळणे, बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्याने हात धुऊन बोटाबोटाची कड टिपणे आणि रात्री पुन्हा तेल लावणे, एवढे मात्र प्रत्येकीला जमते. फुटलेल्या त्वचेचे आणखी एक भय या हंगामात असते: चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच चिरांतून शरीरात शिरतात, म्हणून लावणीच्या दिवसांत बोटांना जखमा असलेल्या माणसाला ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या तर त्याने घरी थांबू नये.

शहरातल्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांची स्थिती अधिक कठीण आहे, कारण त्यांच्या कामाला हंगाम नसतो. सकाळच्या सात वाजल्यापासून एका घरची खरकटी भांडी, दुसऱ्या घरचे कपडे, तिसऱ्या घरची फरशी, असा हात दिवसभर कोरडा होत नाही, आणि प्रत्येक घरचा साबण वेगळा असतो. नुसते रबरी मोजे घातले तर आत घाम साचून हात ओलेच राहतात. आतून सुती मोजे आणि वरून थोडे सैल रबरी मोजे, आतले ओलसर झाले की बदलायचे, भोक पडलेला मोजा लगेच टाकायचा, अशी जोडी कामाला येते. ती प्रत्येक घरच्या मालकिणीने आपल्या मोरीपाशी ठेवावी, इतकी ही मागणी लहान आहे, आणि तरी ती क्वचित मान्य होते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण हाताचे नखुरडे हे कामातून झालेले दुखणे आहे, ही जाणीव घराघरांत पोचलेली नाही. ज्या बाईची भाकरी ओल्या हातावर चालते तिला हात कोरडे ठेवा एवढेच सांगून पाठवणे म्हणजे उपचार न सांगण्यासारखेच आहे. परिचारिकांच्या अनुभवात उपयोगी पडते ते असे की घरच्या कामांपैकी तरी काही कामे, भाजी धुणे, कणीक मळणे, मुलांचे कपडे पिळणे, कांदा-लसूण-टोमॅटो चिरणे, ही सूज उतरेपर्यंत नवऱ्याने किंवा मोठ्या मुलाने घ्यावीत, हे तिच्यासमोरच त्यांना सांगावे. औषधाच्या चिठ्ठीवर ते लिहून दिले तर त्याला अधिक वजन येते.

पायाच्या नखांची गोष्ट काहीशी वेगळी आहे. पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या नखांपर्यंत पसरतात, आणि दर पावसाळ्यात परत येणाऱ्या चिखल्यांमागून नखात शिरलेली बुरशी मग वर्षानुवर्षे मुक्काम करते. नख पिवळट, जाड, भुसभुशीत होते, त्याखाली चुरा साठतो. हे दुखत नाही आणि गरम पाण्याने जात नाही. नखाचा चुरा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशीची खात्री करावी आणि मगच पोटात घ्यायची औषधे सुरू करावीत, कारण पायाच्या नखांसाठी ती साधारण १२ आठवडे घ्यावी लागतात आणि सोरायसिसमुळे किंवा जुन्या मारामुळे जाड झालेल्या नखाला ती व्यर्थ जातात. अंगठ्याच्या नखाची कड मांसात रुतून होणारे दुखणे मात्र घरातच निर्माण होते आणि बरेचसे घरातच टाळता येते: नख कोपऱ्यात खोल गोल कापल्याने मागे राहिलेला टोकदार तुकडा वाढताना मांसात घुसतो, म्हणून पायाची नखे सरळ रेषेत, थोडी लांब कापावीत, चिंचोळी पादत्राणे टाळावीत, आणि रुतू लागलेली कड गरम पाण्याने मऊ करून तिच्याखाली कापसाची बारीक वात रोज नव्याने सरकवावी. तेथे मांस वाढून स्राव येऊ लागला, तर कड काढण्याची छोटी शस्त्रक्रियाच करावी लागते.

मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला यांतला कोणताही घरगुती उपाय जसाच्या तसा लागू करू नये. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाची संवेदना मंदावते. सोसेल इतके गरम पाणी ही सूचना अशा पायाला निरर्थक असते, कारण त्याला सगळेच सोसते. नखुरड्यासाठी पाय गरम पाण्यात ठेवला आणि संध्याकाळी तळपायाला पाण्याचे फोड दिसले, अशी उदाहरणे परिचारिकांच्या नित्याच्या ओळखीची आहेत. पाण्याची उष्णता घरातल्या दुसऱ्या माणसाने कोपर बुडवून पाहावी, नखे त्यानेच कापावीत, आणि नखाभोवती सूज दिसली तर दुखण्याची वाट न पाहता दवाखान्यात जावे. उलट बाजूनेही हे खरे आहे की ज्याला वारंवार नखुरडी होतात किंवा एक नखुरडे बरे व्हायला फार दिवस लागतात, त्याची साखर एकदा तपासावीच, कारण पुष्कळांना आपला मधुमेह अशा किरकोळ जखमेच्या निमित्तानेच कळतो.

दीर्घकालीन नखुरडे बरे झाले हे कशावरून समजायचे, याविषयी घरात आणि दवाखान्यातही घाई होते. सूज उतरणे हा मधला टप्पा आहे; बोट तिरप्या उजेडात धरून पाहिल्यास घडी नखाला पुन्हा चिकटलेली आणि तिच्या कडेवर नवा पापुद्रा आलेला दिसेपर्यंत पाण्यापासूनचे संरक्षण चालू ठेवावे लागते, आणि त्याला काही महिने लागतात. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे जुलैच्या लावणीत मुळाशी उमटलेली वळी टोकापर्यंत पोचून कापली जायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. मधल्या काळात भातकापणी आणि झोडणी ही कोरडी कामे येतात, बोटे आपोआप सुधारू लागतात, बाई तेल लावणे सोडते, आणि अर्धवट चिकटलेला पापुद्रा पुढच्या जूनमध्ये पहिल्या चिखलातच पुन्हा सुटतो. हे चक्र ओळखलेल्या आशा कार्यकर्त्या लावणीत आलेल्या बोटांची नावे वहीत ठेवतात आणि त्या घरी एप्रिल-मेमध्ये पुन्हा जातात, कारण पापुद्रा पुरता धरला आहे की नाही हे पाहून उरलेला उपचार पूर्ण करण्याइतके कोरडे दिवस भातपट्ट्यात तेवढेच उरलेले असतात.